मोटरबोटी डोंग्यांच्या अंगावर येतात. कोणी बुडलं नाही, तर तक्रार करायची कुठे?

वैनगंगाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी आहे. गावच्या मच्छीमार संस्थेची लिखापढी माझ्याकडे असते, म्हणून हा विषय मीच मांडते.

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. पाणी अडायला किती काळ गेला आणि किती गावं उठली, ते भंडारा-नागपूरकडच्या लोकांना सांगायला नको. शेतं गेली, पण धिवरांना निदान पाणी राहिलं. आता त्याच बॅकवॉटरवर फिरायला येणाऱ्यांसाठी मोटरबोटी आल्या. बोटी नकोत असं मी म्हणत नाही. रविवारी काठावर भजी आणि चहा विकणाऱ्या बाया आमच्याच गावच्या आहेत. माझं म्हणणं बोट हाकण्याच्या रीतीबद्दल आहे.

मागच्या आठवड्यात मोठे बाबा आणि त्यांचा नातू सायंकाळी जाळं उचलत होते. जाळं उचलताना एकजण डोंग्याच्या टोकाला वाकलेला असतो आणि दुसरा वल्ह्यानं डोंगा सांभाळतो. डोंग्याची कड पाण्यापासून वीतभर वर, त्यात ओल्या जाळ्याचा भार एका बाजूला. एक मोटरबोट अगदी जवळून सुसाट गेली, पुढे वळली आणि पुन्हा आली, कारण आत बसलेल्या पोरांना जाळं ओढणाऱ्या म्हाताऱ्याचा व्हिडिओ पाहिजे होता. पहिल्या लाटेत डोंग्यात घोटाभर पाणी शिरलं. नातू डब्यानं उपसत होता तोवर परतीची लाट आडवी आली. मोठ्या बाबांनी विळ्यानं जाळं कापून सोडून दिलं म्हणून डोंगा उलटला नाही. जाळं गेलं, मासोळी गेली, पोरगा आता पाण्यावर यायला नाही म्हणतो.

पोलीस ठाण्यात गेलो. त्यांनी विचारलं, "कोणी बुडलं का? कोणाला लागलं का?" नाही म्हटलं. "मग तक्रार कशाची?"

मला एवढंच कळायला पाहिजे, की माणूस मरेपर्यंत हे कुठेच लिहून घेत नाहीत का?

झाडीतला

ताई, आमच्याइकडंबी हेच होऊन रायलं. आमी हात हालवून सांगतो का दूर व्हा, जाळं हाय, तर त्यायले वाटते आमी टाटा करून रायलो. तेबी हात हालवतेत आन् आखीन जवळ येतेत. पंख्यात जाळं गुतलं का आमालेच शिव्या. जाळ्याचे पैसे कोनी देत नाई. पानी सगळ्यायचं हाय म्हनतेत. हाय ना, पन आमी त्याच पान्यावर पोट भरतो.

जुनाखलाशी

ताई, तुम्ही विचारलेला प्रश्न जगभरच्या बंदरांमध्ये विचारला गेलेला आहे, आणि त्याचं उत्तरही निघालेलं आहे. मी मूळचा पवनी तालुक्यातला, नोकरी मुंबई बंदरात लाँचवर झाली. थोडं सविस्तर लिहितो, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

आधी लाटेबद्दल. बोट जितकी जोरात तितकी लाट मोठी, असा समज आहे. तो पुरता खरा नाही. बोट अगदी सावकाश चालली तर लाट लहान असते. पूर्ण वेगात गेली की ती पाण्यावर उचलली जाते आणि लाट त्या मानानं उतरते. सगळ्यात वाईट मधला वेग: नाक आभाळाकडे, बूड पाण्यात रुतलेलं, इंजिन ओरडतंय. तेव्हा बोट पाणी अक्षरशः ढकलत असते. आता होतं काय, चालकाला डोंगा दिसतो, तो भला माणूस असतो, म्हणून वेग थोडा कमी करतो. त्यानं बोट नेमकी त्या मधल्या वेगात येते आणि डोंग्यावर आधीपेक्षा मोठी लाट जाते. म्हणून वेग कमी करायचा तर पुरता करायचा, लांबूनच करायचा, आणि डोंगा बराच मागे पडेपर्यंत वाढवायचा नाही.

दुसरं, नाक वर असताना चालकाला समोरचं बुटकं काही दिसत नाही. डोंगा तर पाण्याला चिकटलेला. सूर्य मावळतीला असेल आणि बोट पश्चिमेकडे जात असेल तर विचारूच नका. तिसरं, लाट डोंग्यापर्यंत पोचते तेव्हा बोट पुढे गेलेली असते. चालकाची पाठ असते. आपण मागे काय करून आलो हे त्याला कधीच दिसत नाही. कोणी सांगितलं नाही तर आयुष्यभर कळणारही नाही. नोंद लागते ती यासाठी.

आता मुंबईचं. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाकडे निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. इंजिनाची चाचणी चालू होती, ताबा सुटला. १५ माणसं गेली. धडकेच्या आधी ती स्पीडबोट पाण्यावर वळणं घेत होती, हे एका प्रवाशानं मोबाइलवर टिपलेलं सगळ्या देशानं पाहिलं. पाहणाऱ्यांना त्या क्षणी ती गंमत वाटत होती. प्रवासी बोटीवरही मर्यादेपेक्षा जास्त माणसं होती. गजबजलेल्या बंदरात चाचणीसाठी वेगळं पाणी राखलं असतं तर कदाचित हे टळलं असतं.

लंडनला थेम्स नदीत १९८९ च्या ऑगस्टमध्ये मार्चियोनेस नावाची सहलीची बोट आणि रेती उपसणारं जहाज यांची टक्कर झाली, ५१ जण बुडाले. दोन्हीकडे समोर नजर ठेवण्यात कसूर झाली होती. नदीच होती ती, आपल्यासारखी.

तुमचा मूळ प्रश्न, कोणी बुडलं नाही तर नोंद का. समुद्रावरच्या जहाजांना १९९८ पासून टप्प्याटप्प्यानं जो सुरक्षेचा नियम लागू झाला, त्यात अपघाताबरोबर नुसता धोक्याचा प्रसंगही कळवावा लागतो. आम्ही त्याला निअर मिस म्हणायचो. वैमानिकांसाठी अमेरिकेत १९७६ पासून नासा अशा नोंदी घेते. मुद्दाम नासाकडे दिल्या, कारण परवाना काढून घेणाऱ्या खात्याला कोणी मोकळेपणानं सांगत नाही. ब्रिटनमध्ये चर्प नावाची संस्था २००३ पासून खलाशांकडून असेच प्रसंग घेते, नाव-गाव काढून टाकते आणि बाकीचं छापते. कोणाला शिक्षा करणं हा हेतूच नसतो. कुठल्या वळणावर, कुठल्या वेळी, काय केल्यानं जिवावर बेतता बेतता राहिलं, हे बाकीच्यांना कळावं एवढंच.

तुमच्या मोठ्या बाबांचा प्रसंग असाच आहे. तो लिहून ठेवा.

वकिलीण_नागपूर

ठाण्यातलं उत्तर ऐकून वाईट वाटलं. कायद्याला बुडालेला माणूस लागत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २८२ पाहा. माणसाच्या जिवाला धोका होईल किंवा दुखापत होण्याचा संभव असेल अशा बेदरकारपणे किंवा हयगयीनं जहाज वा नाव हाकणं, हाच गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "धोका होईल" एवढंच पुरे. जुन्या दंडविधानात हेच कलम २८० होतं. बोटीत धोका होईल इतकी माणसं भरून भाड्यानं नेणं यासाठी पुढे कलम २८४ वेगळं आहे. पुढच्या वेळी जाताना कलमाचा आकडा अर्जात लिहून न्या आणि पोच घ्या. तोंडी बोलू नका.

शिवाय १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आलेला आहे. यंत्रावर चालणाऱ्या नावेला तपासणीचा दाखला, नोंदणी आणि विमा लागतो, आणि नोंदणीचा क्रमांक नावेवर ठळक दिसेल असा लावावा लागतो. महाराष्ट्रात हे काम सागरी मंडळ बघतं. नाव सागरी असलं तरी भंडाऱ्याच्या बोटीला ते लागू आहे.

बोट_हाकतो

मी बोट चालवतो. कुठे ते लिहीत नाही. तुमचं सगळं वाचलं, मोठ्या बाबांसोबत झालं ते चुकीचंच झालं. जाळ्याभोवती बोट फिरवायला नको होती. पण आमची बाजू कोणी लिहून नाही राहिलं, म्हणून लिहितो.

मालक फेरीवर पैसे देतो. फेरी लवकर संपली तर दुसरी मिळते. बोटीत बसलेले लोक पहिल्या मिनिटापासून "जोरात घे ना भाऊ, याच्यासाठी पैसे दिले का" म्हणतात. हळू चालवली तर काठावर जाऊन मालकाला सांगतात. मला लाटेचं हे मधल्या वेगाचं कोणीच शिकवलं नव्हतं. मीही डोंगा दिसला की थोडा वेग कमी करत होतो आणि आपण चांगलं केलं समजत होतो.

दुसरं असं, की अंधार पडायच्या वेळी डोंग्यावर एक दिवा नसतो. काळा डोंगा, काळं पाणी. जाळी जेट्टीच्या समोर आडवी लावलेली असतात, वर खूण म्हणून एखादी पाण्याची रिकामी बाटली, तीही पारदर्शक. ती मला कशी दिसायची? पाण्याखाली बुडालेल्या झाडांचे बुंधे आहेत, पातळी खाली गेली की ते वर येतात, त्यांना चुकवायला गेलो की जाळ्यावर जातो. दोन्हीकडून मरण माझंच.

झाडीतला

दिव्याचं खरं हाय. मी नाई नाई म्हननार. आमच्याजवळ ब्याटरी असते, पन खिशात असते.

जुनाखलाशी

बोट_हाकतो भाऊ, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलं. ह्या धाग्यातली ही सगळ्यात कामाची पोस्ट आहे.

दिव्याचा नियम समुद्रावर अगदी तुमच्या दोघांच्या मधला आहे. वल्ह्यावर चालणाऱ्या लहान नावेनं मोठे दिवे लावले नाहीत तरी चालतं, पण टॉर्च किंवा पेटता कंदील हाताशी पाहिजे आणि टक्कर टळेल इतक्या आधी पांढरा उजेड दाखवला पाहिजे. म्हणजे खिशातून काढून ठेवायची. आणि ज्याच्या जाळ्यामुळे त्याला हलता येत नाही, अशा मासेमारी करणाऱ्याला मोटरवाल्यानं वाट द्यायची. हे नियम १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारातले आहेत. धरणाच्या पाण्याला तो करार जसाच्या तसा लागत नाही, पण अक्कल तीच लागते. समोरासमोर आलो तर दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं. मागून येऊन पुढे जाणाऱ्यानं बाजू ठेवून जायचं.

डोंगेवाल्यांसाठी एक गोष्ट सांगतो, ती घरातल्या पोरांनाही शिकवा. लांबून बोट येताना दिसली की ती आपल्या डोंग्याच्या कुठल्या खुंट्याच्या रेषेत दिसते ते बघा. डोंगा न फिरवता थोड्या वेळानं पुन्हा बघा. ती खुंट्याच्या पुढे किंवा मागे सरकली असेल तर निघून जाईल. त्याच रेषेत असेल आणि नुसती मोठी होत असेल, तर ती सरळ तुमच्यावर येत आहे. तेव्हा ओरडत बसायचं नाही, टॉर्च तिच्यावर मारायची आणि डोंग्याचं तोंड लाटेकडे करायचं. लाट तोंडावर घेतली तर डोंगा तरतो, आडवी घेतली तर भरतो.

चालकांसाठी: इंजिन बंद करायची दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली पाहिजे. आपल्याकडे ती इंजिनालाच गुंडाळून ठेवलेली बघतो. चालक पाण्यात पडला आणि बोट तशीच गोल फिरत राहिली, तर पंखा कोणाला ओळखत नाही.

आशाताई_चामोर्शी

मी गडचिरोलीकडची. २३ जानेवारी २०२४ ला गणपूरच्या बाया मिरची तोडायला वैनगंगा ओलांडून चंद्रपूर जिल्ह्यात जात होत्या, नाव उलटली, सहा बाया गेल्या. ती मोटरबोट नव्हती. पण मला त्या दिवसापासून एकच वाटतं, की ती नाव त्याआधी कधी डगमगली असेल, कधी पाणी भरलं असेल, कोणी तरी काठावर येऊन सांगितलंही असेल की आज वाचलो. ते सांगणं घरच्या जेवणाबरोबर संपलं. त्याआधी २०२१ च्या सप्टेंबरात वरूडकडे वर्धा नदीत एकाच कुटुंबातले, नात्यागोत्यातले ११ जण असेच गेले. दोन्ही वेळी गावात जाऊन आलेल्या लोकांच्या बोलण्यात आलं, की "इथं असं होईल हे माहीतच होतं". माहीत होतं तर कुठे लिहिलेलं होतं?

ताई, तुम्ही नोंदवही सुरू कराच. आमच्याकडेही लागेल.

डोंगेकरी

सगळं पटते, पण एक अडचण कोणी बोलून नाही राहिलं. बोटीचा मालक, त्याच्या बोटीवरचे पोट्टे, आन् तक्रार करणारा, तिघंही एकाच गावातले किंवा सोयरे. उद्या मी नाव लिहिलं तर माझ्या भाच्याचीच नोकरी जाईल. वर संस्थेचा मासेमारीचा ठेका असते, तो द्यायच्या वेळी कोण कोणाच्या ओळखीचा हे सर्वांना माहीत आहे. म्हणून लोक "जाऊ दे, वाचलो ना" म्हणतात. भेकड नाही ते, हिशेबानं बोलतात.

आन् दुसरं, आमच्यातल्या बऱ्याच जुन्या माणसांना लिहिता येत नाही.

वैनगंगाकाठ

डोंगेकरी दादा, हेच माझ्याही मनात होतं. सगळ्यांचं वाचून रात्री वडिलांशी आणि संस्थेच्या अध्यक्षांशी बोलले. आम्हाला जे सुचलं ते असं.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. जाळं तोडलं, मुद्दाम अंगावर घातली, दारू पिऊन चालवली, असं असेल तर ती तक्रार. ती नावानिशी, कलम २८२ लिहून, ठाण्यात, आणि प्रत तहसीलदारांना. जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापनाचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात, म्हणून एक प्रत तिकडे, आणि पाणी जलसंपदाचं म्हणून एक त्यांना.

बाकी सगळं, म्हणजे लाटेनं पाणी भरलं, थोडक्यात धडक टळली, अंधारात दिसलं नाही, बुंध्यावर बोट गेली, ते नोंदवहीत. तिथे कोणाचं नाव नाही, डोंगेवाल्याचं नाही आणि चालकाचंही नाही. वार, वेळ, ठिकाण, पाण्याची पातळी, वारा, उजेड कसा होता, कोण कुठून कुठे जात होतं, काय झालं, कशानं वाचलं. शेवटचा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मोठे बाबा विळ्यामुळे वाचले. म्हणजे डोंग्यात विळा हाताशी असायला पाहिजे, जाळ्याखाली नाही. हे इतर डोंग्यांना कळलं पाहिजे.

लिहिता येत नसेल त्यांनी मोबाइलवर बोलून मला पाठवायचं, मी उतरवून घेईन आणि आवाज पुसून टाकेन. चालकही पाठवू शकतात. बोट_हाकतो दादा, तुमच्यासारख्यांनी पाठवलं तर अर्धं काम होईल, कारण आम्हाला डोंग्यातून जे दिसतं ते तुम्हाला बोटीतून दिसत नाही आणि तुम्हाला दिसतं ते आम्हाला दिसत नाही.

पहिली नोंद मी केली. इथे टाकते:

"शनिवार, सूर्य बुडायच्या थोडा आधी. जुन्या बुडीत आमराईच्या बाजूला, काठापासून हाकेच्या अंतरावर. वारा नाही, पाणी शांत. डोंग्यात दोघे, जाळं अर्धं वर. मोटरबोट फेरी मारून त्याच वाटेनं उलटी आली. पहिल्या लाटेत घोटाभर पाणी, दुसरी लाट आडवी. जाळं कापल्यानं डोंगा सावरला. डोंग्यावर उजेड नव्हता. लाइफ जॅकेट दोघांनाही नव्हतं. बोटीतल्या लोकांनी घातलेली होती."

बोट_हाकतो

ती आमराईची जागा मला माहीत आहे. तिथे सगळेच वळतात, कारण तिथून मावळता सूर्य चांगला दिसतो. मी आमच्या तिघा-चौघांना दाखवलं हे. वळायची जागा आणखी पुढे, खोल पाण्यात घेता येईल, तिकडे जाळी नसतात. मालकाला सांगावं लागेल की फेरी थोडी लांबेल, डिझेल जास्त लागेल. तो ऐकेल का माहीत नाही. तुमच्या संस्थेनं शिक्क्याचं पत्र दिलं तर मला त्याच्यासमोर बोलता येईल.

आणि जाळ्याच्या खुणेसाठी लाल किंवा केशरी डबा लावा. ऑइलचे रिकामे पाच लिटरचे डबे आमच्याकडे पडून असतात, मी देतो.

झाडीतला

डबे पाह्यजेत आमाले. किती हायेत?

वकिलीण_नागपूर

पत्रात बोटीचा नोंदणी क्रमांक मात्र लिहा, चालकाचं नाव नको. क्रमांक कुठेच दिसत नसेल तर "क्रमांक दिसला नाही" असंच लिहा, तेही महत्त्वाचं आहे. मसुदा मला मेसेजमध्ये पाठवा, कायद्याची भाषा मी बघून देते.

वैनगंगाकाठ

पाठवते. मंगळवारी बाजार आहे, सगळे डोंगेवाले गावातच असतात, तेव्हा संस्थेत पत्रावर सह्या-अंगठे घेऊ. बोट_हाकतो दादा, डबे घेऊन दुपारी चारच्या आत या, नंतर माणसं पाण्यावर जातात.